आज नको

४ तारीख

ताईकडे चार दिवस म्हणून आले होते. आज तिने कपाटातला एक कप्पा मला मोकळा करून दिला, म्हणजे चार दिवसांचं सोंग संपलं. बोटीवरचं स्वयंपाकघर सोडल्यापासून मला काम नाही, आणि कामाचंही माझ्यावाचून काही अडलेलं दिसत नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे हे ताई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. रोज लिहायचं हे तिनेच डोक्यात घातलं. निदान तेवढा वेळ एका जागी बसशील, म्हणाली. बसले आहे. समोरच्या गच्चीवर एक माणूस उलटा चालण्याचा व्यायाम करतोय. मागे न बघता कोपऱ्यावर बरोबर वळतो. ते त्याला कसं जमतं हे बघण्यात चहा गार झाला.

लिहायचं होतं भाऊजींबद्दल. ताईचा नवरा सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तोही कंपनी म्हणजे एका दुकानावरची खोली होती तेव्हापासून. सहा जण आणि दोन टेबलं. आता काचेची इमारत आहे. गेल्या महिन्यात तिथली खूप माणसं एका सकाळी काढून टाकली. भाऊजी राहिले. ताईला वाटतं, सुटलो. भाऊजींना काय वाटतं ते चेहऱ्यावरून कळत नाही, कारण चेहरा सदा स्क्रीनच्या मागे.

एक गंमत मात्र टिपून ठेवते. ते उठल्या उठल्या, चूळही न भरता, लॅपटॉप उघडतात, एकच बटण दाबतात, मोठा श्वास सोडतात आणि मग दात घासायला जातात. रोज. देवाला हात जोडावेत तसं.

५ तारीख

विचारलं. विचारल्याशिवाय मला राहवत नाही. शाळेचं आणि माझं पटलं नाही त्यालाही तेच कारण होतं.

प्रकरण असं आहे. त्यांच्या कंपनीत एक फळा आहे. खडूचा नव्हे, स्क्रीनवरचा, सगळ्यांना दिसणारा. त्या खोलीत असतानाच भाऊजींनी तो तयार केला. कोणी नोकरी सोडून निघालं की शेवटच्या दिवशी फळ्यावर निरोप लिहायचा, अशी तिथली रीत. मग बाकीचे खाली चार-चार ओळी लिहितात, चिडवतात, एखादं रडतंसुद्धा. पण गेल्या महिन्यात ज्यांना काढलं, त्यांना ते सकाळी लॅपटॉप उघडायला गेले तेव्हाच कळलं. उघडलाच नाही. मग निरोप कुठे लिहिणार? वर्षानुवर्षं शेजारी बसून जेवलेली माणसं एक अक्षर न बोलता गायब.

तेव्हा भाऊजींनी एक तोड काढली. निरोप आधीच लिहून, उद्या सकाळी दहाची वेळ घालून फळ्याच्या रांगेत लावून ठेवायचा. एकदा रांगेत लागला की लिहिणाऱ्याला दार बंद झालं तरी तो लागतोच. फळा त्यांनीच बांधलाय, त्यांना त्याच्या खाचाखोचा माहीत. रोज उठायचं आणि 'आज नको' असं एक बटण आहे ते दाबायचं. निरोप एक दिवस पुढे जातो. ज्या दिवशी लॅपटॉप उघडणार नाही, त्या दिवशी बटण दाबता येणार नाही, आणि दहाच्या ठोक्याला निरोप आपोआप सगळ्यांसमोर. भाऊजींनी हे एकाला सांगितलं, त्याने दुसऱ्याला. आता सगळा मजला रोज सकाळी तेच करतो म्हणे.

मी म्हटलं, म्हणजे तुम्ही रोज उठून स्वतःचं मरण एक दिवस पुढे ढकलता. भाऊजी म्हणाले, "मरण कुठलं, मेहुणीबाई. बदली म्हण." आत ताईने पातेलं जरा जोरात ठेवलं.

निरोपात काय लिहिलंय असं विचारल्यावर लॅपटॉप मिटला.

८ तारीख

काम मिळालं. म्हणजे मी एका दुकानासमोर उभी राहिले आणि हललेच नाही, शेवटी मालकाने कंटाळून हातात पाना दिला.

दुकान ऑफिसच्या जुन्या खुर्च्यांचं. मालकाला सगळे काका म्हणतात, मीही म्हणते. सध्या काकांची चांदी आहे. ऑफिसं रिकामी होतात, खुर्च्या ट्रक भरून येतात. आपण त्या उलट्या करायच्या, चाकांत गुंतलेले केस कापून काढायचे, वरखाली करणारा दांडा ढिला झाला असेल तर बदलायचा, पुसायच्या. चाकांत एवढे केस कुठून येतात हा प्रश्न मी काकांना विचारला. ते म्हणाले, काळजीतून.

मला ह्यात भलताच रस वाटायला लागला आहे. प्रत्येक खुर्ची तिच्या माणसाच्या मापाने लावलेली असते. एकीचा डावा हात घासून पांढरा पडलाय, उजवा कोरा करकरीत. एकीची पाठ इतकी मागे की त्यावर बसणारा नक्की झोपत असणार. एक सगळ्यात खाली आणलेली, पायाखाली घ्यायला लाकडी फळीसुद्धा बांधलेली. आधी मी खुर्चीत बसते, माणूस कसा असेल ते ठरवते, मग माप मोडते. काका म्हणतात, अशाने दिवसाला दोन होतील.

घरी सांगितलं तर भाऊजी पहिल्यांदाच स्क्रीनवरून मान काढून ऐकत बसले. मधेच विचारलं, "मोडताना तुला काही वाटतं का?" मी म्हटलं, स्प्रिंग कडक आहे, बोट चेमटतं.

११ तारीख

आज चिमणी जेवायला आली. भाऊजींच्या हाताखाली आता चौघंच उरलेत, त्यातली ही सगळ्यात धाकटी. बारीक, सतत बोलणारी, म्हणून ऑफिसात सगळे तिला चिमणी म्हणतात. भाऊजी चाळिशीचे आहेत तरी त्यांना आजोबा म्हणते, आणि ते ऐकून घेतात.

तिचा आणि त्यांचा वाद ऐकण्यासारखा होता. तिचं म्हणणं, कंपनीशी आपलं लग्न लागलेलं नाही, भाडेकरार आहे. घरमालक काढणार तेव्हा काढणार, आपण सामान बांधून बसावं. ती इतर दोन ठिकाणी मुलाखती देऊन बसली आहे आणि भाऊजींना तोंडावर सांगते. भाऊजी म्हणाले, आमच्या वेळी कंपनी म्हणजे आम्हीच होतो. ती म्हणाली, "तेच तर चुकलं ना आजोबा. तुम्ही तिला घर समजलात, तिने तुम्हाला फर्निचर." मी इतकी हसले की पाणी नाकात गेलं. भाऊजीही हसले, पण एक क्षण उशिरा.

हात धुताना ताईने तिला वडिलांचं विचारलं. त्यांचं रक्त आठवड्यातून काही वेळा मशीनवर शुद्ध करावं लागतं. तो सगळा खर्च कंपनीच्या विम्यातून होतो, म्हणून दुसरीकडे पक्कं होईपर्यंत इथली नोकरी टिकायलाच हवी. हे सगळं तिने टॉवेलला हात पुसता पुसता सांगितलं, बसची वेळ सांगावी तसं. मी मशीन कसं चालतं ते विचारत बसले. ताईने मला डोळ्यांनी गप्प केलं.

१३ तारीख

घरात कोणी बोलत नाही, म्हणून ताईला भाजी चिरायला मदत करता करता तिच्याकडून सगळं काढून घेतलं.

कप्तानाने भाऊजींकडे एक नाव मागितलंय. कप्तान म्हणजे त्या सहांतला पहिला, ज्याने कंपनी काढली. पूर्वी तोच मालक, आता पैसा घालणारे वेगळे आणि हा त्यांना उत्तरं देणारा. प्रत्येक गटातून एक माणूस कमी करायचाय. ज्याला काढतील त्याला काही महिन्यांचा पगार देतात, पण विमा त्याच दिवशी बंद. स्वतःहून सोडणाऱ्याला नुसता नमस्कार. पंधराच्या संध्याकाळपर्यंत नाव द्यायचं. आणि कप्तान सुचवूनही गेला की शेवटी आलेला आधी जातो, तेच सगळ्यांना पटतं. शेवटी आलेली चिमणी.

ताई म्हणाली, बाकीच्या तिघांचं द्यावं तर एकाच्या घरी बाळ येणार आहे, एकाने नुकतंच घर घेतलंय, आणि तिसऱ्याशिवाय अर्धं काम बंद पडेल. रात्रंदिवस तो तीच नावं डोक्यात फिरवतोय, म्हणाली. मी म्हटलं, चिठ्ठ्या टाका. ताईने माझ्याकडून सुरी काढून घेतली.

१४ तारीख

उद्या सकाळी मोठा ट्रक येणार आणि काकांची पाठ धरली आहे. मला एकटीला उतरवणं होणार नाही. संध्याकाळी सहज भाऊजींना विचारलं, येता का तासभर हात द्यायला. नाही म्हणणार हे धरूनच विचारलं. ह्या माणसाने ताप असताना सुट्टी घेतलेली नाही. ते म्हणाले, किती वाजता. मी म्हटलं, नऊला. "येतो," म्हणाले आणि पुन्हा लॅपटॉपवर काहीतरी खरडत बसले.

ताई माझ्याकडे बघत राहिली. मी खांदे उडवले. माणसाला कधीतरी बाहेरची हवा खावीशी वाटणारच.

१५ तारीख

माझ्या हातून आज फार वाईट झालं आहे. नीट क्रमाने लिहिते, म्हणजे मलाही कळेल.

सकाळी मी घाई लावली होती. भाऊजी उठले आणि सरळ दात घासायला गेले. मग चहा, मग बूट. मी दारात चुळबुळत उभी, चला चला करत. त्यांचा फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला होता. मी म्हटलं, फोन? म्हणाले, राहू दे. आम्ही निघालो. ह्या सगळ्यात लॅपटॉप उघडायचा राहून गेला आणि माझ्या ते डोक्यातच आलं नाही.

ट्रक उघडला तर खुर्च्या त्यांच्याच ऑफिसातल्या, खालच्या मजल्यावरच्या. मला माहीत नव्हतं, शप्पथ. एकेक उतरवताना भाऊजी सांगत होते ही कोणाची, ती कोणाची. डावीकडे कलंडलेली हिशेबवाल्याची, तो फोन खांद्यात धरून बोलायचा. उशी शिवून घेतलेली त्या बाईंची, ज्या वाढदिवस लक्षात ठेवायच्या. मी जे नुसते अंदाज बांधत होते ते सगळे ह्यांना नावानिशी पाठ. मग सगळ्या फुटपाथवर ओळीने लावल्यावर एकीत बसले, पाय लांब केले, आणि काकांना विचारलं की भिंतीवरचं घड्याळ बरोबर आहे का. काका म्हणाले, थोडं पुढे आहे. घड्याळात दहा वाजत होते. "मग अजून एक चहा होईल," भाऊजी म्हणाले.

चहा झाला. काकांनी पाठीचं रडगाणं गायलं, भाऊजींनी त्यांना टेबलाशी कसं बसावं ते दाखवलं. मी त्यांना इतकं निवांत कधी पाहिलं नव्हतं. त्याचाच मला आनंद होत होता, मूर्ख मी.

घरी आलो तर ताई जिन्यातच उभी होती, हातात त्यांचा फोन, तो थरथरतोय. फळ्यावर निरोप लागला होता. सगळ्या कंपनीने वाचला होता. ताईने त्यांना काहीच विचारलं नाही. मला बाजूला घेऊन विचारलं, "फोन तो विसरला, की ठेवून गेला?" मी म्हटलं, काय फरक पडतो, मीच घाई केली. ती परत म्हणाली, नीट आठव. मला रडू यायला लागलं, तेव्हा तिने सोडून दिलं.

१६ तारीख

जे झालं ते कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

काल दुपारी भाऊजींनी स्वतः ऑफिसात फोन लावला, माणसांचं बघणाऱ्या खात्यात. स्पीकर चालू होता. ते स्पष्ट म्हणाले, मला कोणी काढलेलं नाही, मी राजीनामाही दिलेला नाही, मी फक्त बटण दाबलं नाही. पलीकडची बाई फार मायेने म्हणाली, "सर, सुरुवातीला सगळ्यांनाच असं वाटतं. तुम्ही पाणी प्या."

म्हणजे तिथे गोंधळ असा झाला: निरोप लागला, त्याअर्थी माणूस काढलेला असणार. कोणी काढला? हा म्हणतो त्याने, तो म्हणतो ह्याने. यादीत नाव सापडेना, तर यादीच चुकली असं ठरलं. लॅपटॉप अजून चालू कसा म्हणून कोणाला तरी बोलणीही बसली. संध्याकाळपर्यंत लॅपटॉप बंद, नाव यादीत, आणि आज सकाळी कागद आले, काढलेल्यांना येतात तसेच, पगाराच्या आकड्यासकट.

मी हसावं की काय करावं. एवढी शिकलेली माणसं, आणि कोणालाच माहीत नाही की आपण कोणाला काढलं. भाऊजींनी कागद दोनदा वाचले आणि सही केली. मी म्हटलं, अहो, सांगा ना त्यांना, मेहुणीच्या गाढवपणामुळे झालं, मी येऊन सांगते. ते म्हणाले, तू कशाला गाढव. मन मोठं आहे माणसाचं.

१७ तारीख

निरोप वाचला. चिमणीने फोनवर दाखवला. ती आली तीच रडत आणि भाऊजींच्या समोर बसली.

मला वाटलं होतं काहीतरी मोठं काळजाला हात घालणारं असेल. निम्म्या निरोपात नुसत्या सूचना. कुठली गोष्ट महिन्याच्या एक तारखेला अडकते, अडकली तर काय करायचं, जुन्या खोलीच्या काळातलं काय अजून आत चालू आहे आणि कोणी हात लावू नये. मग एक ओळ: "गटातल्या चौघांना माझं सगळं येतं, चिमणीला माझ्यापेक्षा बरं येतं." शेवटी: "खोलीतल्या सहाही जणांना आठवत असेल, खिडकी उघडत नव्हती. तरी गुदमरल्यासारखं कधी वाटलं नाही." बस. खाली लोकांनी एवढं लिहिलंय की बोट दुखेपर्यंत सरकवावं लागतं. ज्यांना गेल्या महिन्यात काढलं त्यांचेही निरोप कोणीकोणी आपल्या नावाने तिथे लावलेत.

एक चांगली बातमी. चिमणी म्हणाली, त्यांच्या गटातून आता कोणाला काढणार नाहीत. मागितलेला आकडा भरला म्हणे. सुटली पोरगी. ह्या सगळ्या वाईटात नशिबाने तेवढं तरी बरं केलं. मी तसं बोलूनही दाखवलं. ताई उठून गॅलरीत गेली, भाऊजींनी चिमणीला विचारलं की वडील कसे आहेत.

१९ तारीख

काही नाही. भाऊजी आज उशिरापर्यंत झोपले. जागे झाले तेव्हा हात सवयीने उशाशी लॅपटॉप शोधत होता. तो कंपनीने परत नेलाय.

२१ तारीख

कप्तान घरी आला होता.

मला वाटायचं, उंच, सुटाबुटातला वगैरे असेल. बुटका, डोळ्यांखाली काळं, एका बुटाची नाडी सुटलेली. भाऊजी आणि तो एकमेकांना अरे-तुरे करतात, अगदी शिव्यांसकट. ताईने चहा ठेवला, मी दाराशी स्टूल घेऊन बसले. मला कोणी जा म्हटलं नाही.

त्याने बरंच काही सांगितलं. एक तारखेची गोष्ट अडकण्याआधीच सगळे घाबरलेत, वरच्यांनी त्यालाच झापलं, जुना माणूस गेलाच कसा म्हणून. मग म्हणाला, "चूक झाली असं मी वर कळवतो. सोमवारपासून ये. तुझी जागा तशीच आहे."

माझा जीव भांड्यात पडला. मी जवळजवळ टाळीच वाजवणार होते.

भाऊजींनी कप खाली ठेवला. "आणि माझ्या जागी कोण?"

हा प्रश्न मला समजला नाही. ते परत गेले तर त्यांच्या जागी तेच ना. पण कप्तान खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसला, बराच वेळ. वर आला तेव्हा चेहरा लाल होता. "तू असं जायला नको होतंस," म्हणाला.

"मी गेलो नाही रे. एक दिवस 'आज नको' म्हटलं नाही, एवढंच."

ताईने कपात परत चहा ओतला, कोणी मागितला नव्हता तरी. मला वाटलं, आता उठेल. उठलाही. दारापर्यंत गेला, माझ्या स्टुलापाशी थांबला, आणि हळूच, इतक्या हळू की मला ऐकू येऊ नये असं त्याला वाटत असावं, भाऊजींना म्हणाला, "ते रांगेत कसं लावतात, मला दाखवशील?"

एवढी कंपनी चालवतो आणि फळ्यावरचं साधं बटण माहीत नाही. पण मोठ्या लोकांचं असंच असतं, दुसरेच करतात सगळं. भाऊजी मात्र हसले नाहीत. कप्तानाच्या पिशवीतला लॅपटॉप काढायला लावला, जेवणाच्या टेबलाशी त्याला बसवलं, इथे लिहायचं, इथे वेळ घालायची, असं दाखवलं आणि स्वतः पाठ करून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. कप्तान दोन बोटांनी टाइप करत होता. लिहायचा, पुसायचा. मी मान लांब केली तर त्याने स्क्रीन वळवून घेतला.

झाल्यावर भाऊजी म्हणाले, रोज सकाळी दाबावं लागतं, दहाच्या आत.

"आणि विसरलो तर?"

"विसरत कोणी नाही."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, असं कसं, भाऊजी, तुम्ही विसरलात की त्या दिवशी, माझ्या खुर्च्यांच्या नादात.

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. कप्तानाने भाऊजींकडे पाहिलं, मग ताईकडे. ताईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती, दोन्ही एकदम, मी तिला असं कधी बघितलं नव्हतं.

"हो," भाऊजी म्हणाले. "तेवढं एकदा विसरलो."